प्रोसेसरचा पंखा बदलला
मंडळी, बसवनगुडीहून लिहितेय. सकाळी झालेलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

माझा मुलगा विनय अमेरिकेत असतो. दर रविवारी सकाळी आम्ही कॉम्प्युटरवर टाइप करून गप्पा मारतो. पण गेले दोन महिने दहा मिनिटं झाली की आमचा कॉम्प्युटर बंद पडायचा. गेल्या रविवारी तर "आई, मला वाटतं की" एवढंच दिसलं आणि पडदा काळा झाला. आठवडाभर मी ते वाक्य मनात पुरं करत होते.

आज शेवटी दुरुस्तीवाले मंजुनाथअण्णा आले. डबा उघडून म्हणाले, "अक्का, प्रोसेसरवरचा पंखाच फिरत नाही. तापला की बंद पडणारच." त्यांनी धूळ काढली, नवा पंखा बसवला आणि तापमानाचा आकडा कुठे बघायचा तेही दाखवलं. "साठच्या वर गेला तर बंद करा. स्वल्प थंड होऊ द्या."

आकडा बेचाळीसवर होता. विनय ऑनलाइन आला. मी आधी विचारलं, "तुला काय वाटत होतं रे?"

"कधी? आठवत नाही गं."

मग जेवणाचं विचारून झालं, तिकडच्या थंडीचं विचारून झालं. बाराव्या मिनिटाला त्यानं लिहिलं, "अजून काय, आई?" मला काही सुचेना. "निघतो मग," म्हणाला आणि गेला.

कॉम्प्युटर तासभर छान चालू होता. मी नुसती समोर बसून होते.

तुमची मुलं लांब असतील तर सांगा, तुम्ही त्यांच्याशी काय बोलता? मला पुढच्या रविवारच्या आत कळायला हवंय.