सुमनमावशींनी साफ केलेला वाफा

मंडळी, आज चर्चच्या आवारात आमची महिन्याभराची मेहनत अर्ध्या तासात उपटली गेली, तरी मी खुशीत आहे.

तिथे आम्ही काहीजण फक्त इथल्या मातीतल्या झाडांची बाग करतोय. आज मखमलाबादच्या, फुलशेती करणाऱ्या सुमनमावशी पहिल्यांदाच मदतीला आल्या. आम्ही खड्डे खणेपर्यंत त्यांनी कुर्डू आणि तेरड्याचा अख्खा वाफा साफ केला. वर म्हणाल्या, "लय तण माजलं व्हतं!"

ते मुद्दाम लावलंय म्हटल्यावर ओशाळल्या. तडक घरी जाऊन बांधावरची तीच रोपं पाटीभर घेऊन आल्या.

"जन्मभर हेच उपटत आले," पाणी घालताना त्या हसल्या, "आज पहिल्यांदा लावतेय."

तुमच्या दारात आपोआप उगवणाऱ्या किती रोपांची नावं तुम्हाला येतात? मला महिन्यापूर्वी एकही येत नव्हतं.