बोटांना सुट्टी

लेकीला आठवा महिना लागला होता, ती परदेशात होती आणि इकडे गवंडी व्हिसाच्या कचेरीत काचेवर बोटं दाबून उभा होता. यंत्राचा लाल दिवा काही हिरवा होईना. जन्मभर विटा आणि सिमेंट हाताळून बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या.

खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, दोन आठवडे सिमेंटला हात लावू नका, पाण्यातही घालू नका. रेषा परत उमटतात. अर्ज दोघांचा एकत्र आहे, काकूंनाही तेव्हाच घेऊन या."

लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, हे तर परवा मित्राच्या लग्नाला दुसऱ्या देशात जाऊन आले. नुसता पासपोर्ट दाखवला!"

"जावईबापू जन्माने तुमच्या तिकडचे. त्यांचा पासपोर्टच बोलतो. आमची बोटं बोलायला हवीत, आणि तीच मुकी."

मग काय, घरात बोटांचा थाट सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ तेल. तांब्या उचलला की बायको ओरडे, "अहो, ठेवा तो! मी आणते." भांडी, धुणं, सगळं तिच्याकडे. शेजारणीच्या मोरीचं काम अर्धवट राहिलं होतं, तेही तिने अंगावर घेतलं. नवऱ्याच्या हाताखाली तिने वर्षानुवर्षं माल कालवला होता. तो खुर्चीवर बसून सांगे, "उतार ठेव!"

"दिसतंय मला!"

एका सकाळी खिडकीच्या उजेडात अंगठा धरून तो किंचाळलाच, "अगं, आली! आली बघ!"

शेजारीण धावत आली. "काय, बाळ आलं?"

"रेघ आली!"

ठरलेल्या दिवशी दोघं ठेवणीतले कपडे घालून कचेरीत गेले. दहाच्या दहा बोटं हिरवी! गवंड्याने खिडकीतल्या मुलीला दोन्ही हात जोडले.

"आता काकू."

लाल. पुसून पुन्हा ठेवली. पुन्हा लाल.

बायको आपल्या बोटांकडे बघतच राहिली. सिमेंटने सोलवटलेली, घासणीने गुळगुळीत झालेली. या दिवसांत ती कुणी पाहिलीच नव्हती, तिनेही नाही.

"तुम्ही पुढे व्हा," ती हळूच म्हणाली. "एकाने तरी पोचायला हवं."

"बाळंतिणीपाशी मी एकटा जाऊन काय करू, भिंत बांधू?" गवंडी खिडकीकडे वळला. "पोरी, पुढची तारीख दे. बाळाच्या आधी पोचू ना?"

मुलीने कॅलेंडर पाहिलं. "धावपळ होईल, पण पोचाल."

घरी आल्या आल्या त्याने बाह्या सारल्या आणि भांड्यांचा ढीग पुढ्यात ओढला.

"अहो, बोटं!"

"माझी सरकारदरबारी जमा झाली. आता झिजली तरी चालतील. तू बस खुर्चीवर."

ती बसली. तेलाची बाटली जवळ घेतली, तळव्यावर तेल ओतलं. पण नजर काही मोरीवरून हटेना.

"कढईची मागची बाजू राहिली!"

"दिसतंय मला!" गवंडी ओरडला आणि जोर लावून घासू लागला.