चाकावरचं नाव

बंद केलेला पंखा टक... टक... करत थांबायला लागला की मला तेर गावाजवळच्या, मी शिकवायचो त्या शाळेतलं ते चाक आठवतं. तेव्हा मला इंटरनेटवरच्या नव्या साधनांचा भारी नाद लागला होता. त्यातच पोरांची नावं टाकली की गरगर फिरून टक... टक... करत एकावर थांबणारं रंगीत चाक सापडलं. नाव येईल त्यानं उत्तर द्यायचं. मी मोबाइल उंच धरून ऐटीत चाक फिरवलं. तीनदा फिरवलं, तिन्ही वेळा एकाच मुलीचं नाव! ही मुलगी वहीत सगळं बरोबर लिहायची, पण वर्गात तोंड उघडायची नाही. तिचे डोळे भरून आले. "सर, सारखं माझंच का?" मागून आवाज आला, "ह्यात कायतरी गडबड हाय!" मी छातीवर हात ठेवला. "अरे, मोबाइलला काय कळतंय?" "मग यादी दाखवा की!" सगळे ओरडले. तिनंच पुढं येऊन मोबाइल घेतला. मला घाम फुटला, कारण ती बोलती व्हावी म्हणून यादीत तिचं नाव मीच सहा वेळा टाकलं होतं. ती वाचता वाचता थांबली आणि तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "काय हाय गं?" वर्गानं विचारलं. "यादी बरोबर हाय," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "फक्त सरांचं नाव ऱ्हायलंय." तिनं ते टाकलं. त्यानंतर तास संपेपर्यंत चाक माझ्यावरच थांबत होतं आणि प्रश्न ती विचारत होती. ते चाक मी अजून वापरतो, पण फिरवण्याआधी माझं नाव कितीदा आहे ते मोजून घेतो.