मेहुण्याची किसणी

नाशकात अशी एकही जमीन नसेल, जिला माझ्या मेहुण्याने नावं ठेवली नाहीत. लोक कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघतात, मग भिंतीवरच्या फोटोंकडे. हा उंबऱ्यातच टाचेने फरशी ठोकायचा आणि आवाज ऐकून मान हलवायचा. चहा यायच्या आत घरमालकाला कळलेलं असायचं की गवंड्याने त्याला फसवलं आहे. एकदा स्वतः तापाने फणफणलेला असताना त्याने डॉक्टरांना त्यांच्याच दवाखान्याच्या लाद्यांचं निदान सांगितलं होतं. त्याच्यासाठी मुलगी बघायला दिंडोरीला गेलो तेव्हा तर कहर झाला. होणारे सासरे स्वागताला पुढे आले आणि नेमका तेव्हाच हा फरशीच्या सांध्यावर बोट फिरवायला त्यांच्या पायाशी वाकला. पोरगा नमस्कार करतोय असं वाटून त्यांनी गहिवरून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि लग्न तिथेच ठरलं. परतताना मी विचारलं, "मुलगी कशी वाटली?" तो म्हणाला, "शहाबादी लय भारी टाकलीय दाजी, पण खाली पोकळ हाय."

त्या काळात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जमिनीवर जाड रंगाचे थर चढवायची टूम निघाली होती. दोन-तीन वर्षांत ते थर फुगायचे, सुटायचे, आणि जुना काढल्याशिवाय नवा बसायचा नाही. माणसं उकिडवी बसून छिन्नी-हातोड्याने आठवडाभर खरवडत राहायची. मेहुण्याने फरशी घासायचं एक जुनं मशीन घेतलं, त्याच्या खाली पोलादी चकती बसवली आणि लेथवरच्या झिजलेल्या हत्यारांचे कठीण तुकडे तिला दातांसारखे जोडले. वर्षभर तो त्या दातांशी भांडत होता. जमलं तेव्हा त्याने चकतीचं नाव 'किसणी' ठेवलं आणि खंडेनवमीला झेंडूच्या फुलांत तिला अशी बसवली की माझी बायको म्हणाली, "लग्नात वहिनीलासुद्धा एवढं सजवलं नव्हतं."

"घासणारे लय हायेत, दाजी," तो म्हणायचा. "मी सोलतो. कांद्याचा वरचा पापुद्रा निघाला पायजे, खालच्याला कळता कामा नये." आणि खरंच, किसणी फिरून गेली की खालच्या कोब्यावर एक ओरखडा दिसत नसे. घराच्या किल्ल्या तो कुणालाही देई, पण किसणीला बायकोलाही हात लावू देत नसे.

मला मात्र दिली. मी तेव्हा एका कारखान्यात खरेदी विभागात होतो आणि माझी बढती वरच्या टेबलावर पडून होती. वरच्या साहेबांनी ती चकती कुठेतरी चालताना पाहिली होती. ते म्हणाले, "अशा पन्नास बनवून घेता येतील का बघा." मी मेहुण्याला म्हणालो, साहेबांना फक्त दाखवायची आहे, दोन दिवसांत आणून देतो. त्याने ती धुऊन, स्वच्छ पंचात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मी त्यावर किसणी ठेवली आणि कडेने पेन्सिल फिरवली. मला त्या वेळी लाज वाटली नाही. आपण हुशार आहोत, असं वाटलं.

बढती मिळाली. सहा महिन्यांनी आमच्याच कारखान्यात, दुसऱ्याच कंत्राटदाराच्या मशीनखाली लाल रंगाची किसणी फिरत होती. मेहुणा कामाची चौकशी करायला आला होता. त्याने ती उलटी करून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "चांगलीय, साहेब," तो म्हणाला. त्यानंतर तो मला कधी दाजी म्हणाला नाही. भाऊबीजेला पाटावर बसला की बहिणीला सांगायचा, "आधी साहेबांना वाढ." माझी बायको हसायची. तिला ती बढतीची थट्टा वाटायची आणि मी तिला तसंच वाटू दिलं.

हळूहळू सगळीकडे लाल किसण्या आल्या. त्याचं मशीन ताडपत्रीखाली गेलं, मग भंगारात. तो सासऱ्यांच्या द्राक्षबागेत छाटणीला जाऊ लागला. फरशा ठोकणंही त्याने सोडलं. आता घरात आला की सरळ खुर्चीत बसतो आणि कुणाच्या जमिनीबद्दल चकार शब्द काढत नाही. एके काळी याच्या बडबडीचा मला वीट यायचा.

एका भाऊबीजेला जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच बाहेर बसलो होतो. तो एकदम म्हणाला, "साहेब, त्या लाल किसणीचे दात सरळ हायेत. माझे जरा मागं कललेले व्हते. कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली की कलणं दिसत नाय." आवाजात राग नव्हता. "बनवणाऱ्याला सांगा. फरशीला चरे पडत्यात."

"सांगतो," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. माफीचा शब्द तोंडाशी आला होता, तो मी गिळला.

आतून बायकोने विचारलं, "काय चाललंय रे दोघांचं?"

"काय नाय ताई," तो म्हणाला, "फरशीचं बोलतोय." त्याने तेव्हाही मला सांभाळून घेतलं, आणि ते मला अजून सहन होत नाही.