माहितीच्या चौकटीतलं नाव

मॅकवरून फोटो पाठवताना माणसांची नावं फोटोवरच लिहा, असं मी सांगते आणि तुम्ही दोघं मुलं हसता. फाइलच्या माहितीत ती असतातच, म्हणता. मी लिहिलेली नावंही तशीच माहितीत होती.

चितेगावच्या एका कारखान्यात मी इंग्रजी माहितीपुस्तिका तयार करायचे. त्यासाठी एक मॅक होता. शहरात तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत. आमच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापणाऱ्या पाच जणींची गावाकडची घरं नामांतरावरून आधी झालेल्या दंगलीत जाळली गेली होती. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या आठवणी ऐकून इंग्रजीत टाइप करू लागले. त्यांतली सगळ्यांत वयस्क बाई म्हणाली, "बाई, माझं नाव घाला बरं त्यात. घर गेलं, गाव गेलं. नाव तरी ऱ्हाऊ द्या."

मी घातलं, पण मजकुरात नाही. मॅकवर प्रत्येक फाइलला माहितीची चौकट असे, तीत शेरा लिहिता येई. तिथं मी प्रत्येकीचं नाव आणि गाव लिहिलं. मजकूर वेगळा, माहिती वेगळी, असं नीटनेटकं कारण स्वतःला दिलं. खरं म्हणजे साहेबांनी फाइल उघडली तर नाव दिसू नये, असं मला वाटत होतं. भीती तिच्यासाठी होती की माझ्या नोकरीसाठी, हे मी अजून ठामपणे सांगू शकत नाही.

पुढं सगळीकडे विंडोज आलं आणि मॅक विकायचं ठरलं. फाइली फ्लॉपीवर घेणाऱ्या माणसानं विचारलं, मजकुराबाहेर काही लिहिलंय का? असेल तर आधी आत उतरवून घ्या, ते तिकडं जाणार नाही. मी नाही म्हणाले. नव्या संगणकावर एकेक फाइल उघडून पाहिली, यादीवर खुणा केल्या आणि मगच त्याला मॅकवरचं सगळं पुसायला सांगितलं.

शेरे आठवले ते आठवड्यानं.

चौघींनी आपली नावं पुन्हा सांगितली. वयस्क बाई मात्र तोवर काम सोडून बिडकीनकडं लेकीकडं गेली होती. कँटीनचा ठेकेदारही बदलला होता. तिला सगळे मावशी म्हणत, मीही. नाव एकदाच ऐकलं होतं, टाइप करताना.

"आम्हाला कुठं ठावं," चौघींतली एक म्हणाली. "तुम्ही लिवलं व्हतं ना, बाई?"

दोन रविवार बिडकीनला विचारत फिरले. लोक विचारायचे, कोण मावशी?

विद्यापीठाला नाव मिळालं, त्या दिवशी चौघींतल्या त्याच बाईनं माझ्या हातावर पेढा ठेवला. मावशी असायला पाहिजे होती, एवढंच ती म्हणाली.

पाचही आठवणी आता तुम्हाला पाठवते आहे. चौघींची नावं पहिल्या ओळीत आहेत. पाचवीची पहिली ओळ कोरी आहे. तिथं 'मावशी' लिहायला हात होत नाही.