स्टँड ते लॉज, मार्गे रावजी

महाडात उतरायचं कुठं, हे त्या काळी उतारू ठरवत नसे. ते मोटार स्टँडवर मारामारीनं ठरायचं.

गावात लॉज दोन. एक तुळजाबाईचं, दुसरं चिंतामणशेटचं. खाटा दोन्हींकडे सारख्याच, ढेकूण एकाच कुळातले आणि आमटी दोन्हींकडे पातळ. फरक एवढाच, की तुळजाबाईचा माणूस रावजी आणि चिंतामणशेटचा माणूस भिकू. या दोघांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं: टपावरनं ट्रंक खाली आली, की ज्याचा हात आधी कडीला लागेल, उतारू त्याचा. उतारूला विचारायची पद्धत नव्हती.

छप्पन्न साली मी शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा माझ्या खिशात चिंतामणशेटच्या लॉजचा पत्ता होता. माझी ट्रंक खाली आली, तिच्यावर दोन हात आले, कुणाचं तरी मनगट कडकडलं आणि पुढच्या पाव तासात मी तुळजाबाईच्या पडवीत चहा पीत होतो. मनगट भिकूचं होतं.

"तिकडं ढेकून हायत, मास्तर," रावजीनं मला समजावलं.

"आणि इकडे?"

"इकडंबी हायत. पन इकडं मी हाय."

हा रावजी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटातल्या एका वाडीचा. उंची जेमतेम पाच फूट, मान देवानं द्यायचीच विसरलेली. डाव्या कानाची पाळी चोपन्नच्या शिमग्यात भिकूनं चावून तोडली होती. भिकूचे पुढचे दोन दात रावजीनं त्याच दिवशी पाडले, कान अजून त्याच्या तोंडात असताना.

उतारूला लॉजवर नेणं हे अर्धंच काम. त्याला परत स्टँडवर पोचवून गाडीत बसवलं, की काम पुरं. रावजी डोक्यावर ट्रंक घेऊन पुढं धावायचा आणि गाडी थांबायच्या आत खिडकीतून आपलं मुंडासं आत भिरकवायचा. ते ज्या जागेवर पडलं ती जागा आपली. एकदा एका कारकुनानं मुंडासं बाजूला सरकवलं. रावजीनं त्याला खिडकीतून बाहेर काढला. खिडकी लहान होती, कारकून मोठा होता, तरी आला.

पण सांगायची ती एकोणसाठच्या वैशाखातली गोष्ट. सकाळच्या गाडीनं एक कंत्राटदार आला. त्याची भलीथोरली ट्रंक खाली आली आणि दोघांचे हात एकाच क्षणी कडीला लागले. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं, त्यामुळं पुढं काय करायचं याला नियमच नव्हता. रावजीनं भिकूच्या नडगीवर लाथ घातली. भिकूनं डोक्यानं रावजीचं नाक फोडलं. आम्ही बघे हसत होतो. आणि ओढाओढीत कडी उपटून भिकूच्या हातात आली. तो उताणा गेला आणि त्याचं डोकं फलाटाच्या दगडी कडेवर आपटलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

रावजी नाकाचं रक्त पुसत उभा राहिला.

"ऊठ रे भिकू. सोंगं नको करूस."

भिकूच्या कानातून रक्त येत होतं.

"ऊठ रे. घे, ट्रंक तुजी."

भिकू उठला नाही. मग रावजीनं त्याला खांद्यावर घेतला आणि जवळचं म्हणून तुळजाबाईच्याच लॉजवर आणून निजवला. दत्तोपंत डॉक्टर आले. पापणी वर करून पाहिली.

"कवटीला तडा गेलाय. याच्यावर माझ्याकडे इलाज नाही. आज मुंबईला मोठ्या दवाखान्यात पोचला तर काही आशा आहे. आणि आडवा न्या. बसवून नेलात तर वाटेतच जाईल."

मुंबईची गाडी अकराला, पोलादपुराकडून येणारी. दुसरी एकदम उद्या. आणि वैशाखात परतणाऱ्या चाकरमान्यांनी ती दारापर्यंत भरलेली असायची. तिच्यात एक माणूस उभा करणं कठीण. इथं सबंध बाक हवं होतं.

तेवढ्यात भिकूची बायको गोदूबाई आली. नवऱ्याकडं एकदा बघितलं, चुलीपुढचं लाकूड उचललं आणि रावजीच्या पाठीत घालायला सुरुवात केली. रावजी नुसता उभा राहिला. सातव्या-आठव्या तडाख्याला तुळजाबाई म्हणाल्या, "गोदू, थोडा शिल्लक ठेव त्याला. गाडीत जागा कोन धरनार?"

गोदूबाईनं लाकूड टाकलं. "रावज्या, जागा नाय गावली, तर तुजं मढं त्याच्या बाजूला निजवीन."

"निजव, वयनी," रावजी म्हणाला आणि स्टँडकडं पळत सुटला. त्याच्यामागं मी.

गाडी आली. मुंडासं आत गेलं आणि तसंच बाहेर आलं. मग रावजी डोकं पुढं करून खिडकीतून आत शिरला. मागच्या बाकावर तिघं होते.

"उठा. मानूस मरतोय माजा."

"दरवर्षी कोनाचा ना कोनाचा मरतोच," त्यातला एक म्हणाला.

रावजीनं त्याला गचांडी धरून मधल्या वाटेत फेकला. दुसरा त्याच्यावर पडला. तिसरा आपल्या पायानं उठला, पण घोटाळा असा झाला, की अर्धी गाडी एकाच गावची होती. सगळे काका, पुतणे आणि मेहुणे एकदम रावजीवर तुटून पडले. छत्र्या मोडल्या. कुणी पत्र्याचा डबा हाणला. एका धिप्पाड गड्यानं चाकरीच्या साहेबासाठी चाललेला फणस रावजीच्या डोक्यात घातला. कंडक्टर ओरडत होता, पण त्याला मागं यायला वाट नव्हती.

आम्ही खिडकीशी वाट बघत होतो, आता रावजी हात उचलेल म्हणून. आम्हाला तो ठाऊक होता. दोन मिनिटांत निम्मे खाली असते. रावजीनं हात उचलला नाही. तो बाकावर पालथा पसरला, बाकाचे लोखंडी गज दोन्ही हातांनी धरले आणि तसाच राहिला. हात सोडला की बाक गेलं. त्यांनी त्याची बोटं उपटायला पाहिली. एक मोडलं, ते मी ऐकलं. फासळ्यांत लाथा बसत होत्या. पडल्यापडल्या तो एवढंच म्हणत होता, "मारा. पन बाकडं सोडनार नाय."

मग दारात घोंगडीची झोळी दिसली. चौघांनी धरलेली, खालून थेंब गळत असलेली, पुढं गोदूबाई. हळूहळू हात थांबले. फणसवाल्या गड्यानं पुढं होऊन भिकूचे पाय धरले.

पण आता रावजीची मूठ सुटेना. गोदूबाईनं वाकून त्याचं एकेक बोट सोडवलं. "सोड, भावजी. आलो आमी."

गाडी गेली. रावजी फलाटावर बसला, एक दात थुंकला आणि त्याला कंत्राटदार दिसला. तो बिचारा कडी तुटलेल्या ट्रंकेपाशी अजून उभाच होता, कारण त्याला कुणी जिंकलंच नव्हतं. रावजीनं मोडक्या बोटानिशी ट्रंक डोक्यावर घेतली आणि चिंतामणशेटच्या लॉजवर पोचवली. संध्याकाळी त्यावरून तुळजाबाईंनी त्याचं जेवण बंद केलं आणि आठ वाजता स्वतःच ताट वाढून दिलं.

पुढचे आठ दिवस तो रोज पोस्टमनच्या वाटेवर बसायचा. नवव्या दिवशी मुंबईहून कार्ड आलं. दवाखान्यातल्या कुणाकडून तरी गोदूबाईनं लिहून घेतलेलं. मी वाचलं: "काल डोळे उघडले. पेज प्यायला. पहिला शब्द रावजीभावजींचं नाव काढून शिवी." शिवीच्या जागी लिहिणाऱ्या सभ्य माणसानं रेघ मारली होती.

"कंची शिवी?" रावजीनं विचारलं.

"लिहिलेली नाही रे. रेघ आहे."

"केवढी हाय रेघ?"

मी कार्ड पुढं केलं. त्याला अक्षर येत नव्हतं. त्यानं मोडकं बोट रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवून पाहिलं.

"लांब हाय," तो म्हणाला. "म्हंजे बापापास्नं चालू करून पार आज्यापर्यंत गेला. बरा हाय मग. डोकं शाबूत हाय त्याचं."

आणि कार्ड माझ्या हातात तसंच ठेवून, तोंड फिरवून, तो अकराच्या गाडीकडं निघाला.