हलवा कुणाच्या हातचा

आमच्या घरात शूर माणूस एकही नव्हता. वडील मुन्सफ कोर्टात कारकून होते आणि साहेबाच्या आधी साहेबाच्या शिपायाला सलाम घालत. आई समोरच्या वकिलीणबाईंना भीत असे. वकिलीणबाईंना सगळी गल्लीच भीत असे, त्यामुळं त्यांना स्वतःला भिण्याची गरज कधी पडली नाही. मी सोळा वर्षांची होते आणि शूर असले तर मीच, अशी माझी खात्री होती. बार्शीहून करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवून जी पत्रकं धाराशिवात येत, ती माझ्या गादीखाली असत. जुलूम, गुलामी, मुकाट सोसणारी रयत हे शब्द मला पाठ होते.

त्या पौषात घरात जे घडलं त्यातली एकही गोष्ट पत्रकात नव्हती. म्हणून ती लिहिते.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती आमच्याकडे परत आली, ती थेट स्वयंपाकघरामागच्या खोलीत. पाणी तिनं भरायचं, दळण तिनं दळायचं, शेणगोठा तिनं करायचा. घरी कार्य निघालं की कामाला सगळ्यांच्या आधी आणि दिसायला कुणाच्याच नजरेला नाही, असा तिचा कायदा ठरलेला. वर्षातला एक आठवडा मात्र घर तिच्या शब्दावर चाले. तो संक्रांतीच्या हलव्याचा आठवडा.

शेंगदाणे भाजून, सोलून, पाखडून घ्यायचे. जोडीला थोडी चारोळी आणि तीळ. शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर राखेचा थर, त्यावर कल्हईची परात. शेजारी एकतारी पाक कोमट ठेवलेला. त्याचे चार थेंब चमच्यानं दाण्यांवर सोडायचे आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. सुकले की पुन्हा चार थेंब. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढुरका होतो, दुसऱ्या दिवशी अंग धरतो आणि तिसऱ्या पहाटे गारठ्यात त्याच्यावर काटा उभा राहतो. आत्याची बोटं या आठवड्यात भाजून लाल होत. पण तेवढे दिवस आईसुद्धा तिला विचारून शेगडी हलवी. गल्लीतल्या बायका मागच्या दाराशी येऊन बघून जात आणि हात वाखाणत. हे एक काम तिच्याकडून गेलं तर या घरात तिचं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं. मला हे कळत होतं. आईलाही कळत होतं.

त्या वर्षी भावाचं लग्न झालं होतं. नव्या वहिनीची पहिली संक्रांत, म्हणजे काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने आलेच. लढाईमुळं साखर परवान्यावर होती. वडिलांनी चार दिवस तहसिलीच्या पायऱ्या झिजवून दोन शेर मिळवली. साखर घरात आली आणि तिच्या मागोमाग वकिलीणबाई आल्या. त्यांनी आईला बाजूला घेतलं आणि नव्या नवरीच्या अंगावर घालायच्या दागिन्यांना विधवेचा हात लावणार का, असं विचारलं. पंधरा वर्षं त्याच हातचा हलवा त्या मुठीमुठीनं खात होत्या. खाण्याला विटाळ नव्हता, घालण्याला होता.

आईनं वाद घातला नाही. ती मागं गेली आणि आत्याला म्हणाली, "वन्सं, यंदा तुम्ही दमला असाल."

आत्यानं तिच्याकडं बघितलं. मग परात घासली, पुसली, आईपुढं ठेवली आणि ती जात्यावर जाऊन बसली.

हलवा करायला वकिलीणबाई स्वतः बसल्या. सवाष्ण, पाच मुलांची आई, त्यामुळं पाकशास्त्राची गरज नाही असं त्यांना वाटलं असावं. बसल्या त्याही भर दुपारी, कारण पहाटे उठायची त्यांना सवय नव्हती. निखारे रसरशीत ठेवले. पाक घट्ट हवा म्हणून आटवत आटवत गोळीवर नेला आणि पळीनं ओतला. बोटं भाजतील म्हणून उलथन्यानं ढवळलं. पाव घटकेत परातीत एक अखंड वडी तयार झाली. आई तिला कौतुकानं "छान चकाकलीय" म्हणाली. वडी बत्त्यानं फोडावी लागली आणि तिच्याबरोबर परातीला पोचा आला. एक शेर साखर अशी गेली. वकिलीणबाईंनी दोष शेंगदाण्यांना दिला आणि त्या घरी निघून गेल्या.

संक्रांत चार दिवसांवर होती. एक शेर उरली होती, दुसरी साखर मिळणार नव्हती. आईनं मला बोलावून आत्याला निरोप द्यायला सांगितलं. हलवा तिनंच करावा, पण मागच्या खोलीत, दार लावून, आणि कुणाला कळू नये. दार लावलं की अपशकुन आत येत नाही, असा आमच्या घराचा समज असावा.

मी निरोप दिला आणि त्याला माझं भाषण जोडलं. आत्यानं साफ नकार द्यावा. जुलूम करणाऱ्याइतकाच तो सोसणारा दोषी असतो. नकाराची एक ठिणगी पडली की बाकीचं आपोआप पेटतं. हे सगळं मी शेंगदाणे निवडता निवडता, बरेचसे तोंडात टाकत सांगितलं.

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, "झालं? त्या तुझ्या कागदात काटा कसा आणावा ते लिव्हलंय का?"

"तुम्हाला लाज वाटत नाही का, आत्या?"

"लाज ज्यांनी साखर जाळली त्यांना वाटू दे. दाणे खाऊ नको, कमी पडतील."

तीन पहाटे ती शेगडीपाशी बसली. मला तेव्हा तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर किळससुद्धा. गुलाम आपल्या बेडीला पॉलिश करतो, अशा अर्थाचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि त्यावर खूश झाले. तिसऱ्या पहाटे दाण्यांवर असा काटा आला की तो तळहाताला टोचत होता. काट्याशिवाय दागिने होत नाहीत. दोरा त्या काट्यांतच धरून राहतो, गुळगुळीत दाण्यावरून घसरतो. आईनं पुढच्या खोलीत बसून हार, बांगड्या, बाजूबंद गुंफले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की वकिलीणबाईंनी मदत केली म्हणून झालं. वकिलीणबाईंनी दोन दिवसांत ते स्वतःही खरं मानलं.

हळदीकुंकवाला ओसरी भरली. नवी वहिनी पाटावर बसली होती. लग्न होऊन दोन महिने झाले तरी व्हय आणि न्हाय यापलीकडं तिचा शब्द आम्ही ऐकला नव्हता. तिची मावशी कळंबहून आली होती, एका अडत्याची बायको, अंगानं दणकट आणि खाण्यात जाणकार. मी हलव्याचं ताट फिरवत होते. मावशीनं एक दाणा तोंडात टाकला, दुसरा उजेडाकडं धरून पाहिला आणि हा हात कुणाचा म्हणून विचारलं. आईनं वकिलीणबाईंकडं पाहिलं. वकिलीणबाईंनी पदर सावरला आणि देवाची कृपा म्हणाल्या.

"पाक किती तारी धरला?" मावशीनं विचारलं.

"तीन तारी," वकिलीणबाई म्हणाल्या. "त्याबिगर असा काटा येत न्हाय."

मी ताट घेऊन मध्ये उभी होते. बोलायची वेळ हीच होती. शब्द तयार होते, वाक्यं पाठ होती. मी ताट पुढच्या बाईसमोर धरलं.

तेवढ्यात माजघराच्या दारामागून आत्याचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. मूल चुकीचा पाढा म्हणायला लागलं की मास्तर सांगतो, तसा होता.

"एकतारी. तीन तारी धरला तर वडी होती. बत्त्यानं फोडावी लागती."

सगळ्यांना सगळं कळलं. वकिलीणबाई लाल झाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. घरानं आपल्याला फसवलं, असं त्या म्हणू लागल्या. नव्या नवरीच्या अंगावर हे क्षणभर ठेवू नका, असंही आईला बजावलं. आई खरोखरच उठली आणि वहिनीच्या मनगटाशी जाऊन बांगडीची गाठ शोधू लागली. बाकीच्या बायका हळहळत होत्या, पण रुमालात बांधलेला हलवा ताटात परत ठेवायला एकीचाही हात पुढं आला नाही.

वहिनीनं हात मागं घेतला नाही. ती खाली मान घालून म्हणाली, "गाठ लई आवळलीय, सासूबाई. तोडावी लागंल. सवाष्णीच्या अंगावर बांगडी तोडायची का, वकिलीणबाईंना विचारा."

आईचा हात थांबला. वकिलीणबाईंच्याच शास्त्रानं त्यांची वाट अडवली होती. मावशीनं आणखी एक दाणा तोंडात टाकला आणि पान मागवलं. दागिने रात्रीपर्यंत वहिनीच्या अंगावर राहिले. वहिनीला जेमतेम सही करता येत होती. चार-चार पानी पत्रकं वाचून माझ्या तोंडून जे निघालं नाही, ते तिनं तीन वाक्यांत केलं. मी त्या दिवसापासून स्वतःला शूर म्हणणं सोडलं. वकिलीणबाईंचा तिरस्कार करणं मात्र सोडलं नाही. ते मला अजून बरोबरच वाटतं.

बायका गेल्यावर मावशी सरळ मागच्या खोलीत गेली. पुढच्या वर्षी तिच्या सुनेची पहिली संक्रांत होती. आत्यानं हलवा करायला कळंबला यावं, असं ती म्हणाली. आत्या परातीचा पोचा लाकडी ठोकळ्यानं काढत होती.

"येते," ती म्हणाली. "पण शेगडी पुढं ओसरीवर मांडायची. मागं बसून करणार न्हाय."

मावशी हसली नाही आणि हो म्हणाली नाही. घरी विचारून कळवते, म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अडत्याचा भाव होता. माल पसंत होता, अट जड होती. आईनं त्या रात्री आत्याला चांगलं फैलावर घेतलं. पाहुण्यांना अटी घालतात का, आता बोलावणं काय येतंय, अशी तिची बडबड चालली होती. अकरा महिने कळंबहून काही आलं नाही. तेवढे महिने घरात एकतारी-तीनतारीचा विषय कुणी काढला नाही, आणि वकिलीणबाईंनी आमची पायरी चढली नाही.

मार्गशीर्षात मावशीचा मुलगा स्वतः न्यायला आला. ओसरी सारवून ठेवली आहे, एवढाच निरोप होता.

आत्यानं लुगडी बांधली, चमचा घेतला. ती दमणीत बसली तेव्हा आई धावत दारात आली. एवढ्या सगळ्यातून तिला एकच प्रश्न सुचला होता.

"वन्सं, मग आपल्याकडचा हलवा कोण करणार?"

आत्यानं खरंच विचार केला.

"यंदा तीळगूळ वाटा," ती म्हणाली, आणि बैल निघाले.